राणीचा नवरा कोण?

नवरदेवाच्या जागी तलवार उभी करून मुलीचं लग्न लावायचं, ही कल्पना ज्या कुणा शहाण्याच्या डोक्यातून निघाली, त्यानं एकदा तरी त्या मुलीच्या जागी स्वतः उभं राहून पाहायला हवं होतं!

कुंभगडच्या राजा वज्रराजाचं लग्न असंच लागलं. वधू होती समुद्रापलीकडच्या नीलद्वीपची राजकन्या मिरेला. दोन्ही राज्यांना तह हवा होता, तहासाठी लग्न हवं होतं, आणि महाराजांना बोट लागायची! म्हणून त्यांनी दिवाणांबरोबर आपली तलवार पाठवून दिली. तिच्यासमोर अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, मिरेलानं तलवारीच्या मुठीला हार घातला आणि ती कुंभगडची राणी झाली. तुला हे चालेल का, असं तिला विचारलं कुणी? छे!

मिरेला हिकमती होती. वर्षभरात ती मराठी बोलायला शिकली, नऊवारी नेसायला शिकली, ठसका न लागता ठेचाही खायला शिकली. पण एके सकाळी नीलद्वीपच्या व्यापाऱ्यानं निरोप आणला. तिच्या आईची दृष्टी झपाट्यानं जात होती. ‘डोळ्यांत उजेड आहे तोवर एकदा येऊन जा,’ एवढंच आईनं सांगितलं होतं.

महाराज महालात येताच राणी म्हणाली, “मला माहेरी जायचंय.”

“जा की! पण आमच्या घराण्याची रीत ठाऊक आहे ना? राणीला पहिल्यांदा माहेरी नवऱ्यानं स्वतः पोचवायचं असतं.”

“मग चला!”

“मी?” महाराजांचा चेहरा नुसत्या विचारानंच पिवळा पडला. “छे छे! राजानं गादी सोडून इतके दिवस जायचं नसतं.”

“मग मी एकटी जाते.”

“रीत म्हणजे रीत!”

चिमा कासारीण तिथंच बसून राणीला बांगड्या भरत होती. तिला काही राहवलं नाही.

“महाराज, नवऱ्यानं पोचवलं म्हणजे झालं ना?”

“झालं.”

“आणि आपण गादीवरून हलायचं नाही?”

“तसूभरही नाही!”

“मग जमेल की!”

महाराज भडकले. “फार बोलतेस, चिमे! मी गादीवर बसलेला असताना राणीचा नवरा तिला पोचवायला निघाला पाहिजे. उद्या करून दाखव! नाही जमलं, तर राणीनं पुन्हा माहेराचं नाव काढायचं नाही, आणि तू या महालाची पायरी चढायची नाही!”

महाराज तरातरा निघून गेले. राणीचे डोळे भरून आले.

“चिमे, हे काय केलंस? होती नव्हती ती आशाही गेली!”

चिमानं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. राणी आधी दचकली आणि मग इतकी हसत सुटली, की चिमाला बांगड्या भरणं थांबवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला आणि बाहेर ताशे-सनई सुरू झाली.

“कसला गोंधळ हा?” महाराजांनी विचारलं.

चिमा पुढं येऊन मुजरा करत म्हणाली, “राणीसाहेब माहेरी निघाल्या, महाराज! नवऱ्याबरोबर!”

“नवरा इथं बसलाय!”

“दुसरा पालखीत बसलाय!”

दरबारात एकच हलकल्लोळ झाला. महाराजांनी पालख्या आत आणवल्या. एकीत राणी होती. दुसरीत लोडाला टेकून, अंगावर जरीचा शेला आणि मुठीवर छोटंसं पागोटं घालून ऐटीत बसली होती लग्नातली तलवार!

“ही थट्टा आहे?” महाराज कडाडले.

“थट्टा कशी, महाराज? शास्त्रीबुवा, लग्न तुम्हीच लावलंत ना? राणीसाहेबांनी माळ कुणाला घातली?”

शास्त्रीबुवांनी उपरणं सावरलं. “तलवारीला. पण शास्त्राप्रमाणे ती तलवार म्हणजे साक्षात महाराजच!”

“खरं का, महाराज?”

“अर्थात! ती तलवार म्हणजे मीच!”

“मग महाराज पालखीत बसलेत, राणीसाहेबांना पोचवायला निघालेत. आणि गादीवरूनही तसूभर हललेले नाहीत!”

“मूर्ख! ती नुसती तलवार आहे! लोखंड आहे!”

“अगं बाई!” चिमानं गालावर बोट ठेवलं. “मग राणीसाहेबांचं लग्नच लागलेलं नाही! कुमारिकेला नवऱ्याची रीत कशाला हो? त्यांनी एकटीनं खुशाल जावं. परत यायचं की नाही, तेही त्यांनीच ठरवावं!”

महाराजांनी शास्त्रीबुवांकडं पाहिलं, शास्त्रीबुवांनी छताकडं.

राणी पालखीतून उतरली. “आई जावयाचं औक्षण करील, महाराज. त्याच्यासाठी पाट मांडील, रांगोळी काढील, आग्रह करकरून वाढील. तिला दिसतंय तोवर जावई पाहायचाय तिला. मी तिला काय दाखवू? पातं?”

महाराजांनी पागोटं घातलेल्या तलवारीकडं पाहिलं. मग आधी मिशा थरथरल्या, मग पोट हललं, आणि मग सारा दरबार दणाणून जाईल असं ते हसले.

“हरलो, चिमे, हरलो! माझं औक्षण, माझं जेवण आणि ते तलवारीला? मीच जातो! पण मागं गादीवर कोण?”

चिमानं पागोटं घातलेली तलवार उचलली आणि अलगद गादीवर ठेवली.

“आपणच, महाराज!”

महाराज पुन्हा खो खो हसले. मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी स्वतः चिमाच्या हातात चढवलं. ते तिला चांगलंच सैल झालं.

“कासारणीला कडं भरायचं म्हणजे माप आधी घ्यावं लागतं, महाराज!” चिमा म्हणाली, पण कडं काही तिनं काढलं नाही.

मग महाराज पालखीत बसले. भोयांनी “हुं!” करून दांडी खांद्यावर घेतली. पालखी एका बाजूला कलली, सावरली, पुन्हा कलली. पुढचा भोई मागच्याला म्हणाला, “मघाचा नवरदेव बरा होता रं!”