सहा वर्षांच्या पट्ट्या

कुंभेरीच्या तालमीच्या माळ्यावर बैराग्याच्या भुकटीची पुरचुंडी सापडली, आणि भैरोजी महाराजांचं डोकं फिरलं. ही भुकटी महिनाभर खाल्ली की अंगात रेड्याचं बळ येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच आखाड्यात तिला बंदी होती. तालमीत पैलवान पाचच. पाचांनीही शपथा घेतल्या. महाराजांनी त्यांना भर उन्हात उभं केलं आणि राजवैद्य धुंडिराजांना फर्मावलं, की सूर्य मावळायच्या आत चोर दाखवा, नाहीतर तुमची पगडी उतरवतो.

राजवैद्यांनी पाचांची तोंडं हुंगली, जिभा पाहिल्या, डोळ्यांच्या पापण्या उलट्या केल्या, एकाला तर ओकायलाही लावलं. हाती काही लागलं नाही. लागणार कसं? भुकटी तीन दिवसांत अंगातून निघून जाते आणि जत्रेतल्या कुस्त्या होऊन दोन महिने उलटले होते. पण पगडी जाण्याच्या भीतीने विद्येला भलतीच धार येते. वैद्यांनी सरळ सटवाजी धनगराकडे बोट केलं. पाचांत तोच थोराड. एवढा देह माणसाचा असूच शकत नाही, असं त्यांनी संस्कृत वचनासकट सांगितलं. महाराजांना संस्कृत येत नव्हतं, म्हणून ते लगेच पटलं. सटवाजीचा उजवा अंगठा तोडून त्याला हद्दपार करण्याचा हुकूम सुटला. बिचारा सटवाजी अंगठा मुठीत दाबून उभा राहिला.

येसू शिंपीण त्या वेळी तालमीच्या नव्या बंड्यांची मापं घ्यायला आली होती. वडिलांच्या मागे पैलवानांच्या बंड्या तीच शिवायची. ती पुढे आली आणि म्हणाली, "महाराज, अंगठा तोडायच्या आधी मला माझ्या पट्ट्या आणू द्या."

महाराज हसले. "राजवैद्य हरले, आणि तू शिंपीण चोर पकडणार?"

"वैद्यबुवा अंगात औषध शोधतात. ते कधीच गेलं. औषधाने अंगाचं काय केलं, ते माझ्याकडे आहे."

पट्ट्या म्हणजे कागदाच्या लांब फिती. छाती, दंड, मान यांच्या मापाला कात्रीने खाच पाडलेली. वर्षातून तीन जत्रा; जत्रेआधी एक बंडी मानाची, जत्रेनंतर एक साधी. प्रत्येक वेळी नवी पट्टी. सहा वर्षांत एकही फेकली नव्हती. येसूने गाठोडं आणून सोडलं आणि आधी सटवाजीच्या पट्ट्या एकीवर एक ठेवल्या. खाचा जवळपास एका रेषेत आल्या.

"हा आला तेव्हाच एवढा होता," ती म्हणाली. "वैद्यबुवांनी त्याला दुसऱ्यांशी ताडून पाहिलं. मी प्रत्येकाला त्याच्याशीच ताडते."

मग तिने रंगरावांच्या पट्ट्या मांडल्या. रंगराव राणीसाहेबांचे धाकटे भाऊ, दिसायला बेताचे, म्हणून वैद्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. गेल्या दोन वर्षांत प्रत्येक जत्रेआधी त्यांची छाती तीन बोटं फुगलेली, आणि जत्रा झाली की तीन बोटं उतरलेली. सहाच्या सहा वेळा. बाकी कुणाच्या पट्टीत असं नव्हतं.

रंगराव तुच्छतेने म्हणाले, "खुराकाने अंग भरतं. शिंपिणीला काय कळतंय कुस्तीतलं?"

"खुराक सगळे एकाच भांड्यातून घेतात, सरकार. मग जत्रेची तिथी पाहून अंगी लागणारा खुराक तुमच्याच ताटात कसा पडतो?"

येसूने एक कोरी पट्टी घेतली, त्यांच्या अंगाला हातही न लावता छातीची खाच पाडली आणि वैद्यांच्या हाती दिली. ती म्हणाली, की जत्रा अजून लांब आहे, तेव्हा रंगरावांचं माप एवढंच भरेल. वैद्यांनी पट्टी छातीभोवती फिरवली. खाच बरोबर जुळली. जत्रेआधीच्या पट्टीला मात्र तीन बोटं ढील पडली. रंगराव घामाघूम होऊन खाली बसले आणि बैराग्याचं नाव सांगून मोकळे झाले.

महाराजांनी मेव्हण्याला त्याच पावली तालमीबाहेर काढलं. राणीसाहेबांना काय सांगायचं, याची चिंता त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. ती लपवायला ते येसूकडे वळून म्हणाले, "माझे अंगरखेही तूच शिवतेस. माझ्याही पट्ट्या असतील?"

"आहेत, महाराज."

"मग सांग, त्या काय म्हणतात?"

"चातुर्मासात महाराज एकवेळ जेवतात, अशी दवंडी फिरते. दर चातुर्मासात कंबर दोन बोटं वाढते."

सगळे जागीच थिजले. वैद्यांनी तर डोळेच मिटले. महाराजांनी आधी पोटाकडे पाहिलं, मग येसूकडे, आणि एवढ्या जोरात हसले की त्यांना लोडाला टेकावं लागलं. तिथल्या तिथे त्यांनी हुकूम दिला: सटवाजीला मानाचं कडं, आणि येसूला तालमीची मापारीण म्हणून जत्रेत पालखीशेजारी चालायचा मान; आणि तिने दर महिन्याला पट्टी घेतल्याशिवाय एकाही पैलवानाने आखाड्यात पाय ठेवायचा नाही.

"पण माझी पट्टी," महाराज डोळे पुसत म्हणाले, "ती जाळून टाक."

"जाळते, महाराज," येसू गाठोडं बांधत म्हणाली. "नाहीतरी ती आता आपल्याला पुरत नव्हती."