भर दुपारी लावलेला दिवा

पूर्वी माहिष्मती नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या घराण्यात जन्मले होते. त्या जन्मी त्यांचे नाव सोणक. त्याच्या दुकानावरून गेलेल्या म्हशीच्या दुधाला तीन दिवस वाळ्याचा वास येई, असे लोक सांगत. लोकांचे सोडा, आपण दोनच दिवस धरू. एका वर्षी मात्र सोणकाचा सारा माल घेऊन निघालेल्या पाच नावा नर्मदेत बुडाल्या. मगरी सुगंधी झाल्या आणि सोणक कफल्लक.

त्या नगराची एक रीत होती. ज्याला देणी फेडणे अशक्य होई, तो भर दुपारी दुकानाच्या उंबऱ्यावर दिवा लावी, बैठक उलटी अंथरी आणि सगळ्या घेणेकऱ्यांना बोलावी. दिव्यासमोर त्याने आपल्याजवळचे सारे सांगायचे. घेणेकऱ्यांनी ते वाटून घ्यायचे आणि ज्याचे घेणे सर्वांत लहान, त्याने दिवा मालवायचा. मग उरलेले कर्ज माफ. पण कुणी मालवण्याआधी तेल संपून दिवा विझला, किंवा पुढे दडवलेली चीजवस्तू सापडली, तर त्या माणसाने बायकोसह बारा वर्षे दास्य करायचे.

सोणकाने दिवा लावला तेव्हा वात दोनदा तेलात बुडाली. बायको इंदुला दाराला टेकून उभी होती. तिचा भाऊ तुंडिलही गर्दीत येऊन उभा राहिला. त्याचे घेणे मात्र केव्हाच फिटले होते. नावा बुडाल्याची बातमी सोणकाला कळली, पण गावाला कळली नव्हती, त्या दिवशी तुंडिल दारात ठिय्या देऊन बसला होता. घरचा माणूस म्हणून सोणकाने कस्तुरीच्या चार नाभी देऊन त्याला मोकळे केले होते.

"बोल सोणका," व्यापाऱ्यांचा प्रमुख म्हणाला, "आज तुझ्याजवळ काय आहे?"

"चंदनाची सात खोडे. वाळ्याचे तेल, अठरा कुप्या. दोन तराजू. घर. इंदुलेच्या पाटल्या." इतके बोलून तो थांबला.

तुंडिल पुढे वाकून कुजबुजला, "झालं सगळं. आता गप्प राहा, भावोजी."

"तुंडिला, ती कस्तुरी..."

"ती माझी. आज तुमच्याजवळ काय आहे, एवढंच विचारलंय ना? मग खोटं कुठे बोललात? पण कस्तुरीचं सांगितलंत तर हे चिडून दिवा विझू देतील आणि माझ्या ताईला भांडी घासायला पाठवाल दुसऱ्याच्या घरी."

दिव्यात आता बोटभरच तेल होते. सोणकाने इंदुलेकडे पाहिले. ती भावाकडे पाहत होती.

"अजून एक आहे," सोणक मोठ्याने म्हणाला. "आपण बुडालो हे कळल्यावर मी चार नाभी कस्तुरी माझ्या मेव्हण्याला दिली. त्याचं घेणं पुरतं फेडलं. तुम्हाला कळायच्या आत. त्यात तुमचाही वाटा होता."

एकच गलका उठला. "एक निघालं! आणखी किती पुरलंय?" घेणेकऱ्यांतला एक लाकूडवाला ओरडला. "विझू दे तो दिवा!" ज्योत बसू लागली.

"तुंडिला," इंदुला म्हणाली, "दे ते."

तुंडिलाने चरफडत कमरेची तीन फडक्यांत बांधलेली पुरचुंडी सोडली.

फुले वेचणारी म्हातारी सुमना खो खो हसली. तिचे घेणे सर्वांत लहान, चाळीस कार्षापणे; पण तिची जन्माची पुंजी तेवढीच. "मघापासून हा माझ्याशेजारी उभा आहे. मला वाटलं, मेलं कस्तुरीमृगच सभेला आलंय! लेका, सुगंधाच्या धंद्यात तुमची नाकं मेली रे. तीन फडकी कुणाला फसवतात?"

"मग आई, तू बोलली का नाहीस?" सोणकाने विचारले.

"मी बोलले असते तर तुम्ही दोघं दास झाला असता. तू बोलावंस म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. हात द्या रे कुणीतरी, गुडघे उठू देत नाहीत!"

लाकूडवाल्यानेच, तोंड वाकडे करून, तिला हात दिला. ज्योत निळी झाली होती. सुमनेने पदर घातला आणि दिवा मालवला.

कस्तुरीसह सारे काही घेणेकऱ्यांत वाटले गेले. सुमनेला चाळिसातली अकरा कार्षापणे मिळाली. तुंडिलालाही इतरांइतकाच वाटा मिळाला. त्याचे रडगाणे त्याने वर्षभर सगळ्यांना ऐकवले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, एका भिक्खूमुळे सांगितली. त्याच्याकडे नियमापेक्षा जास्तीचे वस्त्र, एक चीवर, सापडले होते आणि 'ते माझे नाही, मित्राला दिलेले आहे' असे तो म्हणत होता. शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा तुंडिल म्हणजे हा भिक्खू. सुमना म्हणजे ते चीवर पाहूनही, हा स्वतः सांगेल म्हणून तीन दिवस थांबलेले वृद्ध स्थविर. इंदुला म्हणजे राहुलमाता. आणि सोणक मीच होतो. विचारले तेवढेच खरे सांगणे कुणालाही जमते. न विचारलेले, स्वतःला महाग पडणारे सांगणे, ही सत्यपारमिता."