महीधराचा दुर्ग

एका राज्यात एक अथांग तळे होते आणि तळ्याच्या मधोमध एक बेट होते. बेटावर दाट रान, रानामागे डोंगर आणि डोंगराच्या माथ्यावर राजाच्या पणज्याचा, महीधराचा, दुर्ग. त्या बेटाकडे बोट दाखवायचीही कुणाची छाती नव्हती. कारण दर अमावास्येला, भर दुपारी, बेट हाक मारी. एकाच माणसाला, त्याच्या आईच्या आवाजात. ज्याचे नाव येई तो हातातले काम टाकून उठे, पाण्यावरून चालत जाई आणि पुन्हा दिसत नसे.

एका अमावास्येला हाक आली ती राजा अरिंदमाला. तो सिंहासनावरून उठला. थोरली बहीण उदयमती हिने त्याचा हात धरला, तर तो हात दगडासारखा गार. तिला ओढत तो घाटापर्यंत गेला आणि पाण्यावर पाऊल टाकताच तिच्या हातून सुटला.

घाटावर भिवरा कोळीण नाव बांधत होती.

"मला बेटावर ने," उदयमती म्हणाली.

"बाईसाहेब, माझा धनीही त्याच हाकेने गेला. काठाला लावीन. उतरायची नाही मी."

नाव काठाला लागली. वठलेल्या झाडावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. तो बोलला, "वर जायला टप्पे तीन. पहिल्यावर मागे पाहू नकोस. दुसऱ्यावर हाकेला ओ देऊ नकोस. तिसऱ्यावर खोटे बोलू नकोस."

पहिला टप्पा रानाचा. वाटेच्या तोंडाशी जुन्या नावा कुजत पडल्या होत्या. प्रत्येकीच्या तळाला भोक. एका भोकात कुऱ्हाडीचे पाते अडकले होते आणि त्यावर सूर्याची मुद्रा होती, तिच्याच घराण्याची. पुढे करवंदीच्या जाळ्यांत हाडेच हाडे, सगळ्या कवट्यांची तोंडे पाण्याकडे. तिच्यामागे पावले वाजू लागली. एकाची, मग दहांची, मग शेकडोंची. कुणाचा तरी श्वास मानेला लागला. तिने मागे पाहिले नाही.

दुसरा टप्पा खड्या चढणीचा. कड्याला बिलगून ती निम्म्यावर आली आणि आई बोलली. उदयमती सात वर्षांची असताना गेलेली आई.

"उदू, दमलीस ना गं? ये, पदराखाली ये."

आवाज कड्याखालच्या दरीतून येत होता. उदयमतीने दंडाचा चावा घेतला. रक्त आले, पण तोंडून शब्द गेला नाही.

तिसऱ्या टप्प्यावर दुर्ग. तिथे हाकेने गेलेली सगळी माणसे डोक्यावर दगड वाहत होती. भिंत उभी राही, ढासळे, की ती पुन्हा दगड उचलत. त्यांत अरिंदम होता. त्याने तिच्याकडे पाहिले आणि ओळखले नाही.

दारात खजिन्याच्या पेटीवर एक दगडी म्हातारा बसला होता. हातातल्या छिन्नीवरून तो पाथरवटांचा मुकादम दिसत होता. त्याचे डोळे उघडले.

"हा दुर्ग कुणी बांधला?"

दारावरच्या शिलालेखात महीधराचे नाव होते. हाकेने आलेल्या प्रत्येकाने तेच वाचून उत्तर दिले होते.

"पाथरवटांनी," उदयमती म्हणाली.

"ते घरी का पोचले नाहीत?"

तिला कुऱ्हाडीच्या पात्यावरची मुद्रा आठवली. "खजिन्याची जागा कुणाला कळू नये म्हणून माझ्या पणज्याने नावा फोडल्या. ते काठावर बसून घरच्यांना हाका मारीत उपाशी मेले."

"हे पाप कुणाच्या माथी? नीट विचार कर. 'माझ्या' म्हणालीस तर मी तुला ठेवून घेऊ शकतो."

तिने दगड वाहणाऱ्या भावाकडे पाहिले. मग म्हणाली, "माझ्या. मी त्याच घराची आहे. मला ठेवा, यांना सोडा."

म्हाताऱ्याच्या दगडी गालावरून पाणी ओघळले. "शंभर वर्षांत आमच्यासाठी एवढे कुणी बोलले नाही," तो म्हणाला, आणि चुन्यासारखा विरून गेला. माणसांच्या डोक्यांवरून दगड गळून पडले.

"ताई," अरिंदम म्हणाला, "माझे हात कशाने सोलले?"

तिने त्याला सगळे सांगितले. तो खाली बसला आणि रडला. मग त्याने ती पेटी न उघडता कड्यावरून तळ्यात ढकलली आणि राज्यातल्या सगळ्या नावा मागवल्या. राजाने स्वतः करवंदीत शिरून हाडे वेचली, धुतली, धोतरात गुंडाळली. सुटलेली माणसे आणि हाडांची गाठोडी यांनी नावा भरल्या, वल्ही पडली. गावोगावच्या घाटांवर पाथरवटांची पतवंडे उभी होती. दुसरा दिवस मावळायच्या आत तीनशे पाथरवट आपापल्या घरी पोचले.