उष्ट्या हळदीचा डाग

हळदीच्या पेठेसाठी नावाजलेल्या एका गावी रसायनशास्त्राचे एक वृद्ध आचार्य राहत असत. महाविद्यालयातून निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण शिकवण्याची खोड काही सुटली नव्हती. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. एके सकाळी त्यांचा शिष्य सुहास ओसरीवर पाटी घेऊन बसला होता. त्याला आम्ल-आम्लारींच्या संयुग्मी जोड्या ओळखायच्या होत्या. पाटीवर रासायनिक समीकरण होते: बाणाच्या अलीकडे एक आम्ल आणि एक आम्लारी, पलीकडे त्यांच्यापासून झालेले दोन पदार्थ. सुहासने अलीकडच्या दोघांभोवती गोल काढला आणि पाटी पुढे केली.

"हीच जोडी कशावरून?" गुरुजींनी विचारले.

"शेजारी शेजारी आहेत. शिवाय भांडण यांच्यातच लागलंय."

गुरुजींनी गोल पुसला. "शेजारी बसलं म्हणून कोणी कोणाचं होत नसतं, बाबा. पुन्हा बघ."

तेवढ्यात हळदीचे व्यापारी भूपालशेठ तणतणत ओसरीवर आले. काखेत एक पांढरी साडी होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे, पद्मजाचे, लग्न होते. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे पाठवायची आणि तीच तिला लावायची, ही आपली रीत. त्याप्रमाणे ती आली, लागली, साडीवर तिचे डागही पडले. मुलीच्या मामीने साडी धुण्याच्या सोड्यात बुचकळली मात्र, पिवळे डाग लालभडक झाले.

"बघा, गुरुजी! शुद्ध भेसळ!" शेठजींनी साडी फडकवली. "उभा जन्म हळदीत गेला माझा, आणि मलाच फसवायला निघालेत? रंग कालवलेली हळद माझ्या पोरीच्या अंगाला लावली हो! व्याह्यांना तोंडावर भेसळखोर म्हणून आलोय. तुम्ही फक्त तपासून चार लोकांत सांगा, की मी मांडव उतरवायला मोकळा."

"पद्मजाताई काय म्हणतात?" सुहासने भीतभीत विचारले.

"काय म्हणणार? रडतेय. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नाही."

गुरुजींनी साडी नुसती पाहिली आणि सुहासला शेठजींच्याच दुकानातून उत्तमातली उत्तम हळद आणायला धाडले. ती आल्यावर त्यांनी चिमूटभर पाण्यात कालवली आणि कोणाला कळायच्या आत शेठजींच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या खांद्यावर फासली.

"अहो, अहो! हे काय आरंभलंय?"

उत्तरादाखल गुरुजींनी त्यावर सोड्याचे पाणी शिंपडले. खांद्यावरचा पिवळा डाग बघता बघता लाल झाला.

"आता सांगा, शेठ. भेसळ कोणाच्या हळदीत?"

शेठजी पायरीवर बसले. मग गुरुजींनी साडीच्या एका डागावर लिंबू पिळले. थोडा फेस आला, आणि डाग पुन्हा पिवळा झाला.

"सुहास, आता जोडी सांग."

"हळद आणि सो..."

"परत तेच! अरे, पिवळी हळद आणि लाल हळद, ही जोडी. बाणाच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरी. दोघींत फरक केवळ एका प्रोटॉनचा. हळदीने तो सोड्याला दिला, ती लाल झाली. लिंबाने दिलेला घेतला, पुन्हा पिवळी झाली. देतं ते आम्ल. देऊन झाल्यावर जे उरतं त्याला घेता येतं, म्हणून ते आम्लारी. सोड्याचीही तशीच जोडी, घेण्याआधीचा सोडा आणि घेतल्यानंतरचा. जोडी शोधताना भांडण कोणात लागलंय ते बघू नये. मुळात तोच कोण आहे आणि त्याच्यापाशी काय कमी-जास्त झालं, ते बघावं."

मग ते शेठजींकडे वळले. "शेठ, या सुहासचीच चूक तुम्हीही केलीत. तुम्ही जोडी लावलीत तुमची आणि व्याह्यांची. मला दिसते ती परवाच्या भूपालशेठची आणि आजच्या. परवा पेढे वाटत फिरत होतात, आज लालेलाल झालात. माणूस तोच आहे. घरातलं एक जाणार आहे, एवढाच फरक."

शेठजींनी साडी ओढून मांडीवर घेतली. "एकुलती एक आहे हो, गुरुजी. वाटलं, हळदीत खोट निघाली तर पोर घरी राहील."

"ठाऊक आहे मला," गुरुजी म्हणाले. "दिल्यावर रितं वाटणारच. पण त्या रितेपणातच घेण्याची ताकद असते. उद्या जावई दारात येईल. त्याला घ्यायला जागा असू द्या."

शेठजींनी डोळे पुसले, साडीची नीट घडी घातली आणि ते उठले.

"शेठ, थांबा. सदऱ्यावर लिंबू पिळून देतो," सुहास म्हणाला.

"नको," शेठजी खांद्याकडे पाहत म्हणाले. "आधी व्याह्यांना दाखवून येतो."

ते गेले. सुहासने पाटी जवळ ओढली आणि बाण ओलांडून अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, अशा दोघांभोवती लांबट गोल काढला. गुरुजींनी तो पुसला नाही.