कालदंष्ट्राच्या अंगठ्या

एका राज्यात, जिथे झाडे रात्रभर बोलत आणि उजाडताच गप्प होत, कालदंष्ट्र नावाच्या मांत्रिकाने घरोघरी चांदीच्या अंगठ्या वाटल्या. दुकानदाराच्या तागडीला अंगठी टेकवावी आणि माल उचलावा. नाणे काढायला नको. मोल अमावस्येला मांत्रिकाला द्यायचे. ज्याला ते देता येत नसे तो पक्षी होई आणि उडत मांत्रिकाच्या पिंजऱ्यात जाऊन बसे.

अशा एका अमावस्येला राजा विश्वजित भर दरबारात पारवा झाला. तो उडणार, तोच राणी उर्मिकेने त्याला पदरात धरले.

"काय काय घेतलेत, महाराज?"

"अत्तर," पारवा म्हणाला. "खोगिरे. रोज केशरी पेढे. अंगठीतून काही जाताना दिसत नव्हते."

"दिसत नव्हते, म्हणून जात नव्हते?"

खजिना तर केव्हाच रिता झाला होता. राणीला मांत्रिकाचा राग आला. नवऱ्याचा त्याहून अधिक आला. स्वतःची थैली कमरेला खोचून, पारव्याला पदराने खांद्याशी बांधून ती मांत्रिकाचा डोंगर चढली.

कालदंष्ट्र हसला. त्याने तिच्यापुढे एक अंगठी टाकली.

"माझ्या बाजारातून तीन वस्तू आण. भाकरी, घोंगडी आणि अग्निनदीपलीकडचे नीलकमळ. सूर्यास्ताला तू कुणाचे काही देणे लागत नसलीस, तर सारे पक्षी माणसे होतील. लागत असलीस, तर तूही पिंजऱ्यात."

भाकरीवाली म्हणाली, "अंगठी टेकवा, राणीसाहेब. वर तूप घ्या, मध घ्या." राणीने नाणे काढले. ते हातातून सुटताना तिला बोचले. तेवढ्याने ती भानावर आली आणि कोरडी भाकरी घेऊन पुढे निघाली.

घोंगडीवाला म्हणाला, "आज न्या, वर्षभर हप्त्याने द्या. हप्ता अगदी चिमूटभर." राणीने मनात हिशेब केला. त्या चिमटींत दोन घोंगड्या आल्या असत्या.

"माझ्या थंडीच्या जिवावर दुसऱ्या घोंगडीचे मोल तू कुणासाठी घेणार होतास?" तिने विचारले आणि एकीचेच रोख मोल त्याच्यापुढे आदळले.

अग्निनदीवर मात्र नाणी वितळत. नावाडी कमळासकट फेरीचे मोल सांगे, पण ते अंगठीखेरीज कशात घेत नसे.

"नको, राणी," पारवा कळवळला. "मी या अंगठीनेच बुडालो."

"तुम्ही थैलीत न पाहता बुडालात."

तिने थैली उघडली, कमळाचे मोल मोजून पदराच्या फाडलेल्या तुकड्यात वेगळे गाठ मारून बांधले, ती गाठ बांधलेल्या पारव्यासह काठावर ठेवली आणि मगच अंगठी टेकवली. कमळ घेऊन ती परतली आणि पारवा व गाठ उचलून निघाली. वाटेवर बांगड्या तिला नावाने हाका मारीत होत्या, वाफाळता भात ताटासकट मागे येत होता. भुकेने पोटात आग पडली होती. तिने गाठीला हात लावला नाही.

सूर्य डोंगराला टेकला, तेव्हा ती तिन्ही वस्तू घेऊन मांत्रिकापुढे उभी राहिली.

"हे कमळाचे मोल."

कालदंष्ट्राने हात मागे घेतला. "एवढी घाई कसली? आज थोडेसे दे. बाकीचे राहू दे."

आता राणीला सारे समजले. याला पैसे नको होते. याला बाकी हवी होती; तिच्यावरच तो जगत होता. तिने त्याची मूठ धरली, एकेक बोट उलगडले आणि सगळी नाणी तळहातावर ठेवून मूठ पुन्हा मिटली.

"पूर्ण घे."

मांत्रिक मेणासारखा वितळला. पिंजऱ्यांची दारे उघडली आणि कवडे, लावे, साळुंक्या माणसे होऊन बाहेर पडली; पारव्याचाही पुन्हा राजा झाला. कुणी रडत होते, कुणी आपले हात निरखत होते.

राणीने तिथेच आज्ञा दिली. रोजचा बाजार रोखीने करावा. अंगठी वापरायची तर तेवढे मोल आधी बाजूला काढावे आणि त्याच दिवशी दुकानदाराला फेडावे. मांत्रिकाच्या अंगठ्यांवर नव्या राजमुद्रेची छाप मारून तिने त्यांचा मंत्र तसा बदलला. ज्याच्या थैलीत मोल नसे, त्याची अंगठी तागडीला टेकतच नसे. राज्याची घडी हळूहळू बसली.

त्याच संध्याकाळी डोंगर उतरताना राजाने विचारले, "अजून रागावली आहेस?"

"हो."

राजाने हात पुढे केला. राणीने तो धरला नाही; पण ती त्याच्या शेजारून चालत राहिली.