हत्तिणीचे स्मारक

डोंगरापलीकडच्या सागवानाच्या जंगलात एक म्हातारी हत्तीण राहत होती. मुलांनो, एका वर्षी तिथे इतका कडक उन्हाळा पडला की नदी पार आटून गेली. तेव्हा या हत्तिणीने कोरड्या पात्रातली वाळू सोंडेने आणि पायांनी उपसून एक खोल झिरा काढला आणि त्या पाण्यावर सगळे जंगल जगले. पुढे वय होऊन ती वारली.

प्राण्यांना फार वाईट वाटले. सिंहाने सभा बोलावली आणि टेकडीवर तिचे उंच स्मारक बांधायचे ठरवले. बांधकामात घरटे विणणाऱ्या सुगरण पक्षिणीचा हात धरणारे कोणी नव्हते, म्हणून ते कसे असावे हे तिने सांगायचे, असे ठरले. सुगरण आधी हत्तिणीच्या लेकीकडे गेली आणि आई तुला कशी आठवते, असे तिला विचारले. लेक म्हणाली, "मला तिची पाठच आठवते. त्या उन्हाळ्यात ती सारखी वाकलेली असायची."

सुगरणीने सिंहाला सांगितले की, उंच काही नको, हत्तिणीने काढलेला झिराच आतून दगड लावून नीट बांधावा. सिंहाला ते पटले नाही. तो म्हणाला, "खड्डा दुरून कोणाला दिसणार?"

"दुरून नाही दिसणार, महाराज," सुगरण म्हणाली. "पण तहानलेला प्राणी जवळ येईल."

सिंहाने ऐकले नाही. टेकडीवर दगडांचा मनोरा उभा राहिला आणि त्याच्या टोकाला उंचावलेल्या सोंडेसारखा एक लांब दगड बसवला. मग मोराला वाटले, आपलीही आठवण राहावी. त्याने त्यात पिसे खोवली. साळिंदराने काटे रोवले. सिंहाने तर अगदी समोर, ओल्या मातीत, आपला पंजा उमटवला. मनोरा पुरा झाला, पण त्यात हत्तीण काही दिसेना. इकडे नदीतला झिरा वाळूने बुजून गेला.

काही वर्षांनी सिंह त्या वाटेने जात होता. मनोऱ्यापाशी एक पाडस आपल्या आईला विचारत होते, हे कोणाचे? हरिणी दुसऱ्या जंगलातून नुकतीच आली होती. तिने पंजाचा ठसा पाहिला आणि म्हणाली, "कोणा सिंहाचे दिसते. इथे दुष्काळात कोणीतरी सगळ्यांना पाणी दिले म्हणतात, तो हाच असेल."

सिंह झुडपाआड थबकला. त्याला हवे होते तेच झाले होते. पण त्या उन्हाळ्यात तो स्वतः सरपटत झिऱ्यापर्यंत पोचला होता आणि हत्तिणीने बाजूला होऊन त्याला जागा दिली होती. ते आठवून त्याची मान खाली गेली.

दुसऱ्याच दिवशी त्याने मनोरा उतरवायला घेतला. पहिला दगड त्यानेच नदीपर्यंत लोटत नेला. हत्तिणीच्या लेकीने झिरा पुन्हा खणला, सुगरणीने दगड कसे बसवायचे ते सांगितले. पावसाळ्यात साचलेली वाळू दरवर्षी सगळ्यांनी मिळून काढायची, असेही ठरले.

पुढच्या उन्हाळ्यात नदी आटली, पण झिऱ्याला पाणी होते. पिल्ले पाणी पिताना विचारत, हा कोणी खणला? आणि त्यांच्या आया त्यांना हत्तिणीची गोष्ट सांगत. सिंह पलीकडच्या काठावर बसून ती ऐकत असे. त्या गोष्टीत त्याचे नाव कुठेच नव्हते. तरी ती संपेपर्यंत तो जागचा उठत नसे.

तात्पर्य : दुसऱ्याच्या स्मारकात आपले नाव शोधू लागलो, तर ज्याचे स्मारक त्याचाच विसर पडतो. ज्याची आठवण जपायची, त्याचे काम पुढे चालू ठेवावे.