चाळीस निळी कार्डं

डोंगराकडेच्या एका गावात लहानू नावाचा एक भोळा कंपाउंडर होता. सांगितलेलं काम तो तंतोतंत करी. त्याच्याबद्दल तक्रार होती ती तेवढीच.

गावात चाळीस जणांना बीपी. डॉक्टर टिपणीस त्यांना दर महिन्याला तपासत, आकडा ज्याच्या त्याच्या निळ्या कार्डावर लिहीत आणि सरकारातून आलेल्या गोळ्या फुकट देत. त्या गोळ्या बंद पडल्या असत्या, तर या चाळिसांचं काही खरं नव्हतं.

एकदा येसूकाकू चढ चढून धापा टाकत आल्या. लहानूनं लगेच दंडाला पट्टा आवळला. आकडा एकशेनव्वद!

डॉक्टर म्हणाले, "अरे, आलेल्या माणसाला आधी पाच मिनिटं गप्प बसवायचं. मग मोजायचं."

"बरं," लहानू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बापू गवळी विंचू चावला म्हणून बोंबलत आला.

"बसा. पाच मिनिटं. बोलायचं नाही."

"अरे लहान्या, विंचू..."

"बोललात. आता पुन्हा पहिल्यापासून पाच."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, ओरडणाऱ्या माणसाला थेट आत आणून टेबलावर झोपवायचं!"

"बरं."

गुरुवारी दवाखान्यावरून भंगारवाला ओरडत चालला होता. लहानूनं त्याला उचलला आणि टेबलावर झोपवला.

"काय होतंय याला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काही होत नाही हो!" भंगारवाला रडकुंडीला आला. "माझा गाडा उतारावर राहिलाय!"

डॉक्टर वैतागले. "लहानू, ज्याच्या नावाचं कार्ड असेल त्यालाच हात लावायचा."

"बरं."

मग निरोप आला की तालुक्याचे साहेब उद्या पाहणीला येणार. डॉक्टर म्हणाले, "आज सगळी कार्डं भरून काढ. आणि हे बघ, चिडलेल्या, घाबरलेल्या माणसाचा आकडा खोटा येतो. शांत माणसाचंच मोज."

लहानू मशीन घेऊन गावभर फिरला. नळावर भांडणं चालली होती. बापू म्हशीमागं धावत होता. येसूकाकू सुनेवर तापल्या होत्या. सगळ्या गावात शांत असा एकच माणूस सापडला. तो स्वतः. त्यानं आपल्याच दंडाला चाळीस वेळा पट्टा बांधला आणि चाळीस कार्डं भरली. दर वेळी एकशेवीस-ऐंशी.

साहेबांनी कार्डं चाळली. "वा डॉक्टर! चाळीसच्या चाळीस ठणठणीत! मग इथं गोळ्या कशाला हव्यात?" गोळ्यांची खोकी जीपमध्ये चढली.

डॉक्टर मागं धावले. "साहेब, थांबा! अहो, थांबाऽऽ!"

माणूस ओरडत होता. लहानू उठला. पण याचं कार्ड नव्हतं. त्यानं घाईघाईनं डॉक्टरांच्या नावाचं कार्ड लिहिलं, मगच हात लावला आणि त्यांना उचलून टेबलावर झोपवलं.

"सोड मला! गोळ्या चालल्या..."

"बोललात. पुन्हा पहिल्यापासून पाच."

जीपचा आवाज वळणापलीकडे विरला. पाच मिनिटं पुरी झाली, तेव्हा लहानूनं पट्टा आवळला. दोनशेदहा!

"डॉक्टर, तुम्हाला आजपासून रोज गोळी घ्यावी लागणार," तो काळजीनं म्हणाला. "कुठं ठेवल्यात गोळ्या?"